माझ्याच बियांचा दुधी कडू निघाला, आणि त्याच बिया मी चौघांना दिल्यात

वेलमांडव

पाकिटातलं बी कमी करत करत गेली तीन वर्षं मी घरचं बी वाढवत आणलंय. म्हणून हे लिहिताना फार वाईट वाटतंय, पण लिहायलाच हवं.

गेल्या मोसमात दुधीच्या वेलावरचं सगळ्यात देखणं फळ मी तोडलं नाही. ते जून झालं, वाळलं, हलवलं की आत खुळखुळायला लागलं. फोडलं तर शंभराच्या वर भरदार बिया. वीसेक स्वतःला ठेवल्या, बाकीच्या चौघांना अदलाबदलीत दिल्या. बदल्यात मला लाल भेंडी, चवळी आणि दोन तऱ्हेच्या मिरच्या मिळाल्या.

यंदा त्या बियांचे तीन वेल मांडवावर चढलेत. पहिल्या वेलाचा पहिला दुधी परवा काढला. रंग चांगला, फक्त मानेपाशी थोडा आवळलेला. चिरण्याआधी सवयीने एक काप जिभेला लावला आणि लगेच थुंकला. चार चुळा भरल्या तरी चव जाईना, इतका कडू. दुसऱ्या वेलाचं फळ मात्र अगदी गोड. तिसऱ्यावर अजून फळ धरायचंय.

ज्या फळाचं बी धरलं, त्याच वेलाचे बाकीचे दुधी आम्ही मोसमभर खाल्ले होते. एकही कडू नव्हता. मग हे आलं कुठून? आणि त्या चौघांना काय सांगू?

जुनी_कात्री

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते थांबण्यासारखं नाही. चौघांनाही आजच कळवा. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. ती शिजवून जात नाहीत, मीठ लावून जात नाहीत, साल काढूनही जात नाहीत. कडू दुधी पोटात गेला तर जोराच्या उलट्या, जुलाब, कधी रक्तस्रावापर्यंत गोष्ट जाते. रसातून तर ते एकदम बरंच पोटात जातं. कुणी खाल्लाच आणि त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट डॉक्टरकडे जावं. तुमची काप चाखायची सवय चांगली आहे. प्रत्येक फळाचा एक काप जिभेला लावायचा आणि थुंकायचा, गिळायचा नाही.

आता पहिला प्रश्न. गेल्या वर्षी आसपास कुणी शोभेचे भोपळे लावले होते का? बाटलीच्या, सुरईच्या आकाराचे, वाळवून भांडी नाहीतर वाद्यं करतात तसले?

मातीचे_हात

मला वाटतं एवढं घाबरायचं कारण नाही. पाण्याचा ताण पडला की काकडीही कडू होते. आठवडाभर पाणी कमी पडलं असेल. किंवा यंदाच शेजारच्या कुठल्या वेलाचे पराग येऊन हे फळ बिघडलं असेल.

जुनी_कात्री

मातीचे_हात, ताणाने कडवटपणा वाढतो हे खरं. पण एकाच मांडवावर, एकाच पाण्यावर एक वेल गोड आणि दुसरा जीभ पोळण्याइतका कडू, हे ताणाने होत नाही. आणि कारण काहीही असो, कडू फळ फेकायचंच.

परागांचं मात्र तुम्ही म्हणता तसं नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. फळाचा गर हा आईवेलाचा भाग असतो. पराग कुठूनही येवोत, गर आईच्याच चवीचा राहतो. बापाचा वाटा असतो तो आतल्या बीमध्ये, आणि तो दिसतो ते बी पेरून नवा वेल फळायला लागला की. म्हणूनच वेलमांडवताईंच्या जुन्या वेलाचे सगळे दुधी गोड होते. चूक तेव्हाच घडली होती, फक्त ती बीच्या आत बसून होती. ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावली म्हणून ढोबळी तिखट होत नाही, तिच्या बियांतून पुढच्या वर्षी येणारी मिरची तिखट होऊ शकते. मक्याचं तेवढं वेगळं, कारण तिथे आपण दाणाच, म्हणजे बीच खातो. पिवळ्या मक्याचे पराग पांढऱ्या कणसावर पडले तर त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात.

वेलमांडव

चौघांनाही कळवलं. तिघांशी बोलणं झालं, चौथ्यांना निरोप ठेवलाय.

जुनी_कात्री, तुमचा प्रश्न वाचला आणि एकदम आठवलं. मागच्या कुंपणापलीकडे गेल्या वर्षी बाटलीसारख्या भोपळ्यांचा एक वेल होता. मला तो इतका आवडायचा की संध्याकाळी मुद्दाम बघायला जायचे. पांढरी फुलं होती त्याचीही.

जुनी_कात्री

मग तोच. दुधी आणि तो भोपळा एकच जात आहे, शास्त्रीय नावही एकच. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं असतं, आणि रात्री त्यावर पतंग येतात. त्यांना कुंपण कसलं!

सुपलीभर

त्या चौघांतली मी एक. निरोप मिळाल्याबरोबर वेलावर गेले. माझे दोन वेल आहेत, दोन्हींची फळं जिभेला लावून पाहिली, दोन्ही गोड. वेलमांडवताई, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही लगेच सांगितलंत हेच मोठं आहे. पण मला कळत नाहीये की एकाच फळातल्या बिया, मग काही कडू आणि काही गोड कशा?

जुनी_कात्री

कारण एका फळातल्या सगळ्या बियांचा बाप एक नसतो. प्रत्येक बी वेगळ्या परागकणापासून धरते. मादी फुलावर आलेल्या पतंगाच्या अंगावर घरच्या वेलाचेही पराग होते आणि कुंपणापलीकडचेही. ज्या बीला घरचा पराग मिळाला ती गोड निघाली. म्हणून एक वेल गोड निघाला म्हणजे पुडीतल्या उरलेल्या बियाही तशाच असतील असं धरू नका. उरलेल्या टाकून द्या. आणि गोड निघालेल्या वेलांची फळं खुशाल खा, पण त्यांचं बी धरू नका, निदान यंदा तरी. तुमच्या अंगणातही सुपलीभरताई, शेजारचा वेल कडू निघाला असता तर त्याचे पराग गोड वेलावर गेलेच असते.

पोपटी

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. मी तर ऐकलं होतं की घरचं बी धरायला अडचण फक्त संकरित वाणांची असते. माझ्याकडच्या टोमॅटोच्या पाकिटावर एफ-१ लिहिलंय. म्हणजे त्याच्या बिया उगवणारच नाहीत ना?

नोंदवही

उगवतील, चांगल्या उगवतील. न उगवण्याची गोष्ट ऐकीव आहे. फक्त जे उगवेल ते पाकिटावरच्या चित्रासारखं असेलच असं नाही. एफ-१ म्हणजे दोन वेगळ्या, शुद्ध केलेल्या वाणांची पहिली पिढी. ती सगळी एकसारखी असते. तिचं बी धरलं की आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होतात. मेंडेलने वाटाण्यावर हेच पाहिलं. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी जांभळी. त्यांची पुढची पिढी लावली तर ७०५ झाडं जांभळ्या फुलांची आणि २२४ पांढऱ्या. हे त्याने १८६६ साली छापलं. टोमॅटोत असे कितीतरी गुण एकाच वेळी सुटे होतात, म्हणून दुसऱ्या पिढीची दहा रोपं दहा तऱ्हांची येऊ शकतात. आणि संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेलं नव्हे. संकर फुलात होतो, तो तुम्ही-आम्हीही करू शकतो.

मला स्वतःला संकरित बियांबद्दल राग नाही. रोग सोसणारा वाण हवा असेल तर मी एफ-१ विकत घेते आणि दरवर्षी घ्यावं लागणार हे धरूनच घेते. पण बी धरायचं असेल तर पाकिटावर सरळ वाण किंवा मुक्त परागीभवन (म्हणजे संकरित नसलेलं बी) असं लिहिलेलं बघूनच घ्यावं. ‘देशी’, ‘गावठी’, ‘पारंपरिक’ हे शब्द पाकिटावर कुणीही छापू शकतो.

मातीचे_हात

माझं परागांचं चुकलंच, इतकी वर्षं मी तसंच समजत होतो. बी विकत घेण्याबद्दल मात्र अनुभवाने थोडं सांगू शकतो. पाकिटाच्या पुढच्या बाजूला चित्र असतं, कामाचं सगळं मागे असतं: वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणक्षमता, बीजप्रक्रिया केली आहे की नाही. तारीख जुनी असेल तर पाकीट ठेवून द्यावं. उन्हात, काचेमागे टांगलेली पाकिटं तर ताज्या तारखेचीही घेऊ नयेत. बी गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं असेल तर त्यावर बुरशीनाशक असतं. ते हाताळून हात धुवावेत, उरलं तर पाखरांना टाकू नये, मोड आणून खाऊ नये.

आणि एका मोसमात पाच-सहा भाज्यांच्या वर घेऊ नयेत. माझ्याकडे न उघडलेल्या पाकिटांचा डबा भरलाय आणि त्यातलं अर्धं बी आता म्हातारं झालंय.

कुंडीवाली

माझ्याकडे फक्त बाल्कनी. दहा-बारा कुंड्या. हे सगळं वाचून वाटायला लागलंय की बी धरणं आपलं काम नव्हे. एवढ्याशा जागेत पराग कुठून येतात आणि कुठे जातात हे कसं सांभाळणार?

नोंदवही

कुंडीवालीताई, उलट तुमच्यासाठी सगळ्यात सोप्या भाज्या आहेत. चवळी, घेवडा, वाटाणा, मेथी, टोमॅटो, लेट्यूस यांच्यात फूल बहुतेक वेळा उमलण्याआधीच किंवा उमलताना स्वतःच्याच परागांनी धरतं. मधमाशीला वावच कमी. एक-दोन झाडांचं बी धरलं तरी चालतं. टोमॅटोत एवढंच बघा की मोठ्या, जाडसर फळांच्या काही जुन्या वाणांत फुलाचा मधला दांडा परागकोशांच्या नळीबाहेर डोकावतो. तिथे मिश्रण होऊ शकतं. बाकी वाणांत तो आतच असतो.

दुसरी पायरी भेंडी, वांगी, मिरची. स्वतःचं स्वतः धरतात, पण मधमाश्या आल्या तर मिश्रणही होतं, मिरचीत तर बरंच. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. आदल्या संध्याकाळी फुगलेल्या कळीवर पातळ कापडाची छोटी पिशवी बांधायची, दुसऱ्या संध्याकाळी काढायची आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. मिरचीची अख्खी फांदीच जाळीच्या पिशवीत घालावी. आधी तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेल्या मिरच्या खुडून टाकायच्या, मग रोज फांदी हलकेच हलवायची.

तिसरी पायरी वेलवर्गीय. त्यांत नर आणि मादी फुलं वेगळी, मिश्रण ठरलेलंच. पण हातांनी परागीभवन करणं वाटतं तेवढं अवघड नाही.

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी एकच जात. शेजारी-शेजारी फुलली की एकमेकांत मिसळतात. गाजर आणि कांदा बी धरायला दुसरा मोसम घेतात. पालकाची नर आणि मादी झाडं वेगळी, पराग वाऱ्याने दूर जातात. मुळा स्वतःच्या परागांनी धरतच नाही, त्याला सोबत लागते. या भाज्या दोन-चारच झाडांवरून पिढ्यानपिढ्या धरल्या तर वाण खुरटत जातो. वीस-पंचवीस झाडं तरी फुलू द्यावी लागतात आणि मक्याला शंभरच्या वर. यांचं बी मी विकत घेते.

जुनी_कात्री

दुधीचं परागीभवन मीच लिहितो, वेलमांडवताईंना लागेल.

दुपारी वेलावर जायचं. आज संध्याकाळी उमलणारी कळी फुगलेली, टोकाला पांढरट दिसते. मादी कळीच्या मागे बोटभर इवलासा दुधी असतो, नर कळीचा देठ नुसता लांब. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने बंद करायची. शक्य असेल तर नर कळी त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरची घ्या. संध्याकाळी, आजूबाजूची फुलं उमलायला लागली की नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाची पट्टी सोडून त्याच्या मधल्या भागावर हलक्या हाताने फिरवायचं. दोन-तीन नर फुलं वापरली तर बी जास्त भरतं. लगेच मादी फूल पुन्हा बंद. इथेच लोक विसरतात, आणि रात्री पतंग येऊन सगळ्यावर पाणी फिरवून जातो. देठाला रंगीत दोरा बांधा, तारीख लिहा. धरलं तर चार-पाच दिवसांत इवलं फळ फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. पाचात दोन धरली तरी भरपूर.

लाल भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळची, त्यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधायच्या. आणि दुधीचं लाल भोपळ्याशी, काकडीचं खरबुजाशी मिश्रण होत नाही, त्या जाती वेगळ्या. ती भीती मनातून काढून टाका. खरबूज आणि चिबूड मात्र एकाच जातीचे, ते मिसळतात.

बी धरायचं फळ वेलावरच जून होऊ द्यायचं. असं फळ वेलावर असलं की वेल नवी फळं कमी धरतो, म्हणून खाण्यासाठी वेगळा वेल असला तर बरं. काकडी पिवळी, वांगं पिवळं-तपकिरी आणि मिरची पूर्ण लाल व्हायला हवी. आपण खातो तेव्हा काकडी, वांगी, दुधी, भेंडी सगळी कोवळी असतात. त्या अवस्थेतलं बी पोचट.

पोपटी

टोमॅटोच्या बिया मी कागदावर पसरून वाळवल्या तर त्या कागदालाच चिकटल्या. आणि आमच्या घरी म्हणतात राखेत चोळाव्यात. काय खरं?

नोंदवही

राखेत चोळल्याने गर सुटतो आणि बी कोरडं होतं, ते चूक नाही. पण मी आंबवते. पिकलेल्या टोमॅटोचा बियांसकट गर भांड्यात काढायचा, थोडं पाणी, वर जाळी, आणि दोन-तीन दिवस सावलीत. वास येईल, वर साय धरेल, येऊ द्या. बीभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात, ती यात निघून जातात, आणि बीवरून पसरणारे काही जिवाणूही कमी होतात. चौथ्या दिवसापर्यंत ताणू नका, बिया भांड्यातच रुजायला लागतात. मग पाणी ओतायचं, पोचट बिया वर तरंगतात त्या टाकायच्या, तळाच्या चाळणीत धुवायच्या आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत पसरायच्या. दिवसातून दोनदा बोटाने हलवा.

वाळवणं कायम सावलीत, हवेशीर. ३५ अंशांच्या वर नको. वाळलं की नाही हे बघायला घेवड्याचा दाणा दगडाने ठेचा. फुटला तर वाळला, चेपला तर नाही. भोपळ्याची बी वाकवली तर कडकन मोडली पाहिजे.

साठवणीबद्दल बियांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे, तो मी डब्यावरच चिकटवलाय: बीतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. म्हणून आधी वाळवणं, मग थंडी. दमट हवेत नुसत्या सावलीने भागत नाही. तिथे बियांच्या वजनाइतकी सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) कापडी पुरचुंडीत घालून दोन्ही घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवावं. मग बरणी फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, बरणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी थेट बियांवर जमतं. चवळी-घेवड्यात भुंगा होतो, त्याची अंडी वेलावरूनच येतात. पूर्ण वाळलेलं बी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं की तो प्रश्न सुटतो. अर्धवट वाळलेलं ठेवलं तर बीच मरतं.

कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षं, भेंडी दोनेक, मिरची दोन-तीन, घेवडा-चवळी तीन-चार, टोमॅटो आणि काकडी पाचच्या पुढेही जातात. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये २० बाटल्यांत रानटी झाडांच्या बिया वाळूत मिसळून पुरल्या. तेव्हापासून ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया रुजल्या, १४१ वर्षांनी! भाज्यांत ती ताकद नाही, आपण शतकानुशतकं त्यांना लगेच उगवायला शिकवलंय.

जुनं बी फेकण्याआधी २० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. दहा दिवसांनी मोजा, मिरचीला तीन आठवडे द्या. १५ रुजल्या तर ७५ टक्के. निम्म्या रुजल्या तर दुप्पट पेरा.

मातीचे_हात

नोंदवही, हा प्रतिसाद छापून ठेवतोय.

जुनी_कात्री

अदलाबदलीबद्दल माझं मत कडक आहे, तेही मांडतो. ज्याने हाताने परागीभवन केलेलं नाही त्याने वेलवर्गीय बी कुणाला देऊच नये. घेणारा सहा महिने जागा, पाणी, कष्ट घालतो.

सुपलीभर

इथे मी असहमत आहे. तसं केलं तर निम्मी अदलाबदल थांबेल आणि नवीन माणूस कधी सुरुवातच करणार नाही. मला वेलमांडवताईंच्या बियांपेक्षा पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं याची जास्त अडचण झाली. ‘दुधी’ एवढंच. ‘उघड्यावर धरलेलं, आसपास काय होतं ते माहीत नाही’ एवढं लिहिलं असतं तरी मी पहिल्या दिवसापासून चाखून बघितलं असतं. डायन आणि केंट व्हीली यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत बी जपणाऱ्यांची अदलाबदल सुरू केली, तीही घरच्या परसातल्या माणसांच्या जोरावरच. दोघांकडे डायनच्या आजोबांनी दिलेलं बी होतं, आणि कुठलं बी कुणाकडून आलं हे त्या नावासोबत चालत राहिलं.

माझा कडकपणा रोगांबाबत आहे. पानं गोळा झालेल्या, ठिपके पडलेल्या, मोझेक (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा विषाणूरोग) झालेल्या झाडाचं बी धरूच नये, मग फळ कितीही छान असो. टोमॅटो आणि घेवड्याचे काही रोग बीतूनच जातात. टोमॅटोचं बी ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून धुतात, पण थर्मामीटर आणि अचूक वेळ पाळता येत असेल तरच, आणि जुन्या बीवर तर नकोच. देशाबाहेरून टपालाने बी मागवू नये, पाठवू नये. त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि ते योग्यच आहे. २०२० मध्ये अनेक देशांत लोकांना न मागवलेली बियांची पाकिटं टपालाने आली, तेव्हाही ती लावू नका असंच सगळीकडे सांगितलं गेलं.

जुनी_कात्री

सुपलीभरताई, रोगांचं शंभर टक्के मान्य. पुडीवर खरं लिहिण्याचंही मान्य. मग माझा नियम एवढाच ठेवतो: माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहावं.

कुंडीवाली

चवळीच्या सहा शेंगा वाळत ठेवल्यात. हलवल्या की आत आवाज येतो!

नोंदवही

वेलमांडवताई, माझ्याकडे लांबट दुधीचं बी आहे, चार पिढ्या हाताने धरलेलं, दरवर्षी चाखलेलं. मोसम अजून हातात आहे, दहा बिया पाठवते. बदल्यात काही नको.

वेलमांडव

(सात महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण हिशोब द्यायचा राहिला होता.

तिसरा वेलही कडू निघाला. दोन्ही कडू वेल फळं-फुलांसकट उपटले. चौथ्या व्यक्तीचं उत्तर दोन दिवसांनी आलं होतं. त्यांनी बिया लावल्याच नव्हत्या, पुडी टाकून दिली. चौघांपैकी एकीच्या वेलावर एक कडू दुधी सापडला, चाखून वेळीच कळला. कुणालाही त्रास झाला नाही. हे लिहिताना आत्ताही सुटल्यासारखं वाटतं.

नोंदवहीताईंच्या बियांपैकी चार लावल्या. सात मादी कळ्या बांधल्या. पहिल्या दोन मी पुन्हा बंद करायला विसरले, त्यांना दोरा बांधलाच नाही आणि ती फळं खाऊन टाकली. उरलेल्या पाचांत तीन धरली. एक अर्ध्यात कुजलं, दोन लाल दोऱ्यासकट वाळली. संध्याकाळी बॅटरी लावून पाकळ्या काढताना हात थरथरायचा, तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. कुंपणापलीकडच्यांशीही बोलले. त्यांनी तो वेल पुन्हा लावलाय, मी त्यांना तो काढायला सांगितलं नाही. उलट वाळलेल्या भोपळ्यांपैकी एक त्यांनी मला दिला.

परवा २० बिया ओल्या कागदात ठेवल्या होत्या, १७ रुजल्या. त्यांतल्या दोन मी आधी स्वतः लावतेय. बाकीच्या पुड्यांवर हे लिहिलंय:

दुधी, लांबट, फिकट हिरवा. हाताने परागीभवन, फूल बांधून. आईवेल चाखलेला, गोड. ही पिढी अजून चाखलेली नाही. मागे कुंपणापलीकडे शोभेचा भोपळा. वेलावर रोग नव्हता. उगवण २० पैकी १७. पहिल्या फळाचा काप जिभेला लावून बघावा.

सुपलीभर

एक पुडी माझ्यासाठी ठेवा. माझ्याकडे यंदा फूल बांधून धरलेलं कारलं आहे.